फ्लाइट जॅकेट बसत नाही? नंबर वाढवण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. छाती ४० इंच म्हणून ४० नंबर मागवला. जॅकेट आलं, झिप लागली, पण हात वर केला की शर्ट बाहेर. परत पाठवून ४२ मागवला. आता खांद्याची शिवण दंडावर उतरली, बाह्या बोटांपर्यंत आल्या, आणि हात वर केला की शर्ट अजूनही बाहेरच. तिसऱ्या खेपेला माणूस ठरवून टाकतो की ही जॅकेटं आपल्या अंगाला शोभत नाहीत, आणि नाद सोडतो.

अंगाचा दोष इथे क्वचितच असतो. ही जॅकेटं कापली गेली ती कॉकपिटमध्ये पट्ट्यांनी बांधून बसलेल्या, हात पुढे धरलेल्या माणसासाठी. त्यामुळे उभं राहून आरशात जे चुकीचं वाटतं त्यातलं बरंचसं मुळात बरोबर असतं. जे खरंच चुकलेलं असतं ते नंबर वाढवून सुटत नाही, बऱ्याचदा आणखी बिघडतं.

हातात नक्की काय आहे?

'फ्लाइट जॅकेट' या नावाखाली इतके वेगवेगळे कट विकले जातात की हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय टेप हातात घेण्यात अर्थ नाही.

ए-२ हे अमेरिकी लष्कराच्या एअर कॉर्प्सने १९३१ मध्ये स्वीकारलं. चामडं मुख्यतः घोड्याचं, पाठ एका सलग तुकड्याची, कॉलरची टोकं टिचबटणांनी दाबलेली, पुढे झाकणाचे दोन खिसे, कंबरेला आणि मनगटाला लोकरीच्या विणलेल्या पट्ट्या. हात खुपसायला बाजूचे खिसे नाहीत. तुमच्या ए-२ ला ते असतील तर समजा की धाटणी बरीच नंतरची आहे. अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ पुन्हा सुरू केलं ते शेळीच्या चामड्यात आणि बऱ्यापैकी ऐसपैस. बाजूचे खिसे त्याला नंतर आले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या नमुन्याची मापं वाचून हे जॅकेट घेतलं तर ते ढगळ निघणार, आणि उलट केलं तर श्वास अडकणार.

जी-१ नौदलाचं. शेळीचं चामडं, केसाळ कॉलर, आणि पाठीत दोन्ही खांद्यांमागे उघडणाऱ्या घड्या. या घड्यांबद्दल पुढे बोलायचंच आहे.

एमए-१ नायलॉनचं, आतून पॅडिंगचं, १९५० च्या आसपासचं. जेटच्या काळात चामडं मागे पडलं. आधीच्या बी-१५ या जॅकेटची केसाळ कॉलर पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकायची, म्हणून एमए-१ ला नुसती विणलेली कॉलर आली. तो प्रसिद्ध नारिंगी अस्तराचा प्रकार १९६० च्या सुमाराचा: विमान पडलं तर जॅकेट उलटं घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना वरून दिसतं.

बी-३ मेंढीच्या कातड्याचं, लोकर आतल्या बाजूला, उघड्या आणि गोठवणाऱ्या बॉम्बर विमानांसाठी. सीडब्ल्यूयू-४५/पी हे १९७० च्या दशकातलं, आग सहज न धरणाऱ्या नोमेक्स कापडाचं.

आणि मग सहावा प्रकार, जो सगळ्यात जास्त विकला जातो: यांच्यासारखं दिसणारं फॅशन जॅकेट. त्यात वाईट काही नाही. पण त्याचा कट कोणत्याही लष्करी नमुन्याला बांधलेला नसतो, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं मापाचं तेवढं लागू होईल, बाकीचं नाही.

'आखूड आहे'

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा जॅकेटमध्ये नसून पँटमध्ये असतं.

१९३० आणि ४० च्या दशकातली पँट नैसर्गिक कंबरेवर, म्हणजे बेंबीच्या आसपास बसायची. ए-२ ची विणलेली पट्टी त्या पँटच्या पट्ट्याला येऊन मिळेल अशीच कापली होती. तेच जॅकेट खाली सरकलेल्या आजच्या जीन्सवर घाला, मध्ये तीन-चार बोटं मोकळी राहणारच. जॅकेट आपल्या जागी आहे, पँट खाली गेलीय. आखूड ठेवण्यामागे कारणही होतं. सीटवर बसल्यावर लांब जॅकेट मांडीवर गोळा होतं, पोटाशी पट्ट्यांखाली दाटतं आणि कॉलर हनुवटीला ढकलते.

तपासायची पद्धत सोपी. कंबरेवर बसणारी एखादी पँट काढा, शर्ट आत खोचा, झिप लावा आणि हात खाली सोडून उभे राहा. पट्टी पँटच्या वरच्या काठाला झाकत असेल तर उंची बरोबर आहे. आता खुर्चीत बसा. कॉलर गळ्याला टोचत नसेल, पुढचा भाग फुग्यासारखा वर येत नसेल, तर फारच छान.

ही पँट घालायची नसेल तर? तोही प्रामाणिक प्रश्न आहे. रोज कमी उंचीच्या जीन्सच घालत असाल तर ए-२ च्या मागे न लागता वेगळा प्रकार बघा. उंच धडाच्या माणसाने एक नंबर वाढवला तर छाती दोन इंचांनी वाढते, उंची मात्र अर्धा-पाऊण इंचच. म्हणजे आखूडपण तसंच राहतं आणि वर ढगळपणा येतो. काही उत्पादक 'लाँग' कट देतात, किंवा धडाची उंची वाढवून शिवून देतात. धड लांब असेल तर तोच मार्ग. नाहीतर एन-३बी सारखं मांडीपर्यंत येणारं जॅकेट आहे, त्यात हा प्रश्न उद्भवतच नाही.

एका गोष्टीपासून सावध राहा. उंची वाढवण्यासाठी कंबरेची पट्टी खाली ओढून नितंबांवर आणू नका. पट्टी तिथे ताणली जाते, झिपच्या खालच्या टोकावर सगळा जोर येतो, आणि आधी तेच टोक उखडतं. शिवाय वरचं चामडं पट्टीवरून हलकंसं ओघळून पडावं ही या जॅकेटची खरी चाल, ती बिघडते.

'हात वर होत नाही'

इथे बहुतेकांचा अंदाज उलटा जातो. हात अडला की वाटतं जॅकेट लहान आहे, मोठं घेतलं की मोकळं होईल. पण हाताच्या हालचालीचा संबंध छातीपेक्षा मुंढ्याशी, म्हणजे बाही जिथे धडाला जोडते त्या काखेभोवतीच्या घेराशी, जास्त असतो.

मुंढा काखेच्या जवळ, वर कापलेला असेल तर हात उचलल्यावर बाही एकटी हलते आणि धड जागेवर राहतं. मुंढा खोल, खाली उतरलेला असेल तर हात उचलताच बाही धडाला बरोबर घेऊन वर जाते. मोठ्या नंबरात मुंढा आणखी खाली जातो. म्हणून ४२ मध्ये हात वर केल्यावर शर्ट बाहेर येतो तो ४० पेक्षा जास्त. पहिल्या परिच्छेदातल्या माणसाचं नेमकं हेच झालं होतं.

तर आधी हे बघा: जॅकेट घालून काखेत किती मोकळी जागा उरते? दोन बोटं जेमतेम जात असतील तर मुंढा चांगला आहे, भले सुरुवातीला काख थोडी धरल्यासारखी वाटो. घोड्याचं नवं चामडं कडक असतं, ते काखेत आणि कोपरात घड्या पडेपर्यंत असंच वागतं. आख्खी मूठ जात असेल तर नंबर कमी करून बघा. विचित्र वाटतं, पण बऱ्याच वेळा लहान नंबरातच हात मोकळे होतात.

दुसरी शक्यता पाठीची. दोन्ही हात पुढे करा, गाडीचं स्टिअरिंग धरल्यासारखे. खांद्यांच्या पात्यांमध्ये चामडं ढोलासारखं ताणलं जात असेल तर अडचण मुंढ्यात नाही, पाठीच्या रुंदीत आहे. ए-२ ची पाठ सलग असल्यामुळे तिला देण्यासारखं काहीच नसतं. जी-१ च्या खांद्यांमागच्या घड्या याच कामासाठी आहेत: हात पुढे गेला की उघडतात, मागे आला की मिटतात. रुंद पाठीच्या, व्यायाम करणाऱ्या किंवा मोटरसायकल चालवणाऱ्या माणसाने ए-२ चा हट्ट सोडून जी-१ घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला ए-२ सरस, हे मान्य. पण सुंदर जॅकेट कपाटातच राहिलं तर काय उपयोग?

नंबरची भानगड

लेबलवरचा ४० हा छातीचा इंचांतला आकडा, म्हणजे तुमच्या छातीचा. जॅकेटच्या घेराचा नाही. जॅकेटचा घेर त्याहून जास्त असतो आणि किती जास्त ते उत्पादक ठरवतो. सगळा गोंधळ या 'किती जास्त' मध्ये आहे.

मूळ ए-२ सुद्धा एकसारखी नव्हती. युद्धात रफ वेअर, एरो लेदर, ड्युबो, पेरी स्पोर्ट्सवेअर, ब्रॉन्को अशा कितीतरी कंपन्यांना कंत्राटं गेली. लष्कराचा आराखडा एक असला तरी प्रत्येकाचा कागदी कट आपापला. कुणाची कॉलर मोठी, कुणाचे खांदे अरुंद, कुणाचं धड लांब. १९४३ मध्ये वरून आदेश येऊन चामड्याच्या नव्या ऑर्डरी थांबेपर्यंत हे असंच चाललं. आज जे उत्पादक नेटाने प्रतिकृती करतात ते एखादं ठरावीक कंत्राट धरून करतात. म्हणून 'ए-२, ४० नंबर' ही माहिती अपुरी आहे. कोणत्या कंत्राटाची प्रतिकृती, हे विचारा. एका कंपनीकडे दोन वेगळ्या कंत्राटांची ४० नंबरची दोन जॅकेटं वेगवेगळी बसू शकतात.

अक्षरी मापांवर तर भरवसा ठेवूच नका. जपानी कंपनीचा 'एम' आणि अमेरिकी कंपनीचा 'एम' यांत एका मापाचा फरक सहज पडतो. युरोपीय लेबलवर पुरुषांच्या जॅकेटचा ५० म्हणजे साधारण अमेरिकी किंवा ब्रिटिश ४०. दहा वजा करायचे.

उपाय एकच: अंगाचं माप देत बसण्यापेक्षा जॅकेटचं माप मागा. झिप लावून, पाठ खाली करून, सपाट टेबलावर ठेवून घेतलेलं. काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत छाती, पाठीवर शिवणीपासून शिवणीपर्यंत खांदा, कॉलरच्या शिवणीखालून पट्टीच्या टोकापर्यंत उंची, खांद्याच्या शिवणीपासून मनगटपट्टीच्या टोकापर्यंत बाही. बाही रॅगलन असेल, म्हणजे शिवण कॉलरपर्यंत तिरकी जात असेल, तर खांदा मोजता येत नाही. मग कॉलरच्या मधोमध टेप धरून मनगटापर्यंत मोजा. जी-१ मोजताना पाठीच्या घड्या मिटलेल्या हव्यात, नाहीतर पाठ उगाच रुंद दिसेल.

आता छातीचं माप दुप्पट करा आणि त्यातून अंगाची छाती वजा करा. समजा तुमची छाती ४० आहे आणि जॅकेट सपाट २२ इंच. दुप्पट ४४, सैलपणा ४ इंच. शर्टावर घालायच्या ए-२ साठी हे झकास. सपाट २४ असेल तर सैलपणा ८ इंच: ए-२ मध्ये हे पोत्यासारखं दिसेल, पण एमए-१ साठी अगदी योग्य, कारण पॅडिंग आतली जागा खातं आणि त्या जॅकेटला फुगीरपणा हवाच असतो. बी-३ मध्ये तर आतली दाट लोकरच दोन-तीन इंच गिळते, त्यामुळे बाहेरून घेतलेलं माप सरळसरळ फसवं. तिथे ८ इंचांखाली जाऊ नका. स्वेटर घालणार असाल तर आणखी.

अंगाचं मोजण्यापेक्षाही भरवशाचं म्हणजे घरातलं, अंगाला नीट बसणारं जॅकेट असंच टेबलावर मोजणं आणि त्याच्याशी ताडून बघणं. फक्त जात जातीशी ताडा. सुती जॅकेटवरून चामड्याचं माप काढलं तर हमखास फसगत होते.

चुण्या काय सांगतात

फोटोवरून सल्ला मागणाऱ्यांनी झिप लावलेले तीन फोटो काढावेत: पुढून, मागून, बाजूने, हात सैल सोडून. झिप उघडी ठेवून काढलेल्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही.

छातीवर झिपपासून दोन्हीकडे फाकणाऱ्या आडव्या रेषा: छाती तंग. पाठीत वरून खाली उभ्या सैल पन्हाळी: पाठ रुंद, बहुधा नंबर मोठा. मागे कॉलरच्या लगेच खाली आडवी वळी पडत असेल तर कॉलर वर ढकलली जातेय. एकतर खांदे सरळ आहेत, नाहीतर कंबरेची पट्टी घट्ट असून ती धड वर लोटतेय. यातलं दुसरं कारण तपासायला झिपचं खालचं टोक उघडा. वळी गेली तर दोषी पट्टी. कॉलरपासून काखेकडे तिरक्या रेषा दिसल्या तर खांदे उतरते आहेत, आणि हे नंबर बदलून जात नाही. फार तर दुसऱ्या कंत्राटाचा कट पाहा.

कोपरातल्या आणि काखेतल्या चुण्यांकडे दुर्लक्ष करा. त्या चामड्याच्या स्वभावात आहेत.

दुरुस्ती

बाही लांब असेल तर घाई नको. नव्या चामड्याच्या बाहीला कोपरात घड्या पडल्या की ती थोडी वर चढते, आणि मनगटपट्टी तिला धरून ठेवते. महिनाभर वापरल्यावरही पट्टी तळहातावर येत असेल तर चामड्याचं काम जाणणाऱ्या कारागिराकडे द्या: मनगटपट्टी उसवून, चामडं कापून, पट्टी पुन्हा जोडायची. सोपं काम आहे.

विणलेल्या पट्ट्या, झिप, अस्तर, टिचबटणं हे सगळं बदलता येतं. बाजूच्या शिवणीतून धड थोडं आत घेता येतं, पण पुढच्या खिशांच्या जवळ गेलं की तोल बिघडतो, म्हणून इंच-दीड इंचापुढे नको.

खांदा मात्र हात लावायची गोष्ट नाही. बाही, अस्तर, खांद्यावरची पट्टी, मुंढा, सगळं उसवावं लागतं आणि चामड्याला पडलेली सुईची जुनी भोकं कधीच बुजत नाहीत. याच कारणाने तंग जॅकेट सैल करणंही जवळपास अशक्य: शिवण बाहेर सोडली की जुन्या भोकांची रांग पुढे येते. म्हणून निवडताना खांदा आधी, मग पाठ आणि मुंढा, मग छाती. बाहीचा विचार सगळ्यांत शेवटी.

चामडं ताणून बसेल या आशेवर किती भिस्त ठेवावी? पाठीत आणि कोपरात ते थोडं सैलावतं. मेंढीचं मऊ चामडं जास्त, शेळीचं मध्यम, घोड्याचं अगदी कमी. खांद्याची रुंदी आणि उंची यांत काही फरक पडत नाही. नायलॉन तर ताणतच नाही, एमए-१ पहिल्या दिवशी जसं बसलं तसंच राहणार.

आणि गरम पाण्यात बुडवून मोठं जॅकेट आटवण्याची जी युक्ती फिरत असते, ती करू नका. चामडं सगळीकडे सारखं आटत नाही, लोकरीच्या पट्ट्या मात्र झपाट्याने आटतात, अस्तर वेगळंच वागतं, आणि हातात वेडंवाकडं, कडक झालेलं काहीतरी उरतं.

खरोखर जुनं जॅकेट घेताय?

युद्धकाळातलं अस्सल जॅकेट असेल तर लेबलवरच्या आकड्यापेक्षा टेबलावरचं मापच खरं धरा. ऐंशी वर्षांत ते आटलेलं असू शकतं, पट्ट्या एकदा तरी बदललेल्या असू शकतात, आणि बदलताना कुणी लांब पट्टी लावली असेल तर उंचीचा आकडाही फसवा. पट्टी सोडून नुसत्या चामड्याची उंची वेगळी विचारा.

अशा जॅकेटमध्ये तंग माप अजिबात घेऊ नका. चामडं वरून ठीक दिसलं तरी शिवणीचा दोरा आणि मुंढ्याजवळचं चामडं थकलेलं असतं. एक दिवस गाडीत मागची बॅग उचलायला वळाल आणि फाटल्याचा आवाज येईल. जुन्या बी-३ च्या बाबतीत तर मी घालण्यासाठी घेऊच नका म्हणेन. बारीक तडे गेलेलं मेंढीचं कातडं कागदासारखं फाटतं आणि त्यावर टाका धरत नाही.

पोट सुटलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. ए-२, जी-१, एमए-१ या तिन्हींची पट्टी कंबरेला आवळते, त्यामुळे पोटाचा घेर छातीइतका किंवा जास्त असेल तर झिपचं खालचं टोक लावताना रोज झटापट होते. छातीवरून नंबर ठरवून जास्त घेराची पट्टी बसवून घेता येते, ते एक. किंवा नवं बी-३ घ्या: त्याला विणलेली पट्टी नसते, बाजूला चामडी पट्टे असतात, हवे तेवढे सैल सोडता येतात.